वाळलेलं अ‍ॅडेसिव्ह

नवऱ्याने भिंत रंगवताना फरशीवर पाडलेले डाग खरवडायला पट्टी हवी, म्हणून लताबाई गंगापूर रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात उभ्या होत्या. पुढे एका नवरा-बायकोची जुंपली होती.

"स्वतः टाइल्स बसवल्या म्हणून सोसायटीभर मिरवलात, आणि फटींतून वर आलेलं अ‍ॅडेसिव्ह तसंच ठेवलंत?"

"तू देवळ्याला माहेरी होतीस ना."

"मग?"

"म्हटलं, आल्यावर पुसशील."

"चार दिवसांनी? ते काय वरण सांडलं होतं? दगड झालाय त्याचा!"

"अगं, बसवायचं काम मी केलंच ना. पुसायचं..."

"बोला ना! पुसायचं कोणाचं?"



दुकानदाराने विचारलं, "ताई, खरवडायच्या पट्ट्या दोन देऊ?"

"एकच. यांच्या हाताला बसेल अशी."

मागून लताबाई म्हणाल्या, "दादा, मलाही तशीच द्या."