न्हाणीचं दार

माझं माहेर शिरपूरकडचं, लगीन झालं अन् सुरतेला आले ती इथलीच झाले. आमचे हे लूमच्या खात्यात कारागीर, मी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची, असं करत करत कोसाडला हे घर झालं, अन् काय सांगू तुम्हाला, मागच्या साली ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, चाकाची खुर्ची आली. न्हाणी मागच्या अंगाला, पायऱ्या उतरून, म्हणून दिनेश, माझा मुलगा, ड्युटीला जायच्या आधी बापाला उचलून नेई. ज्या माणसानं कधी कुणाला तांब्याभर पाणी मागितलं नाही, तो पोराच्या हातावर डोळे मिटून पडे. मी म्हटलं, खोलीला लागून नवी न्हाणी बांधायची, ह्यांनी आपल्या आपण जायचं.

मिस्तरी सुकलाल, आमच्याच गावाकडचा, मला मावशी म्हणतो. काम लावून दिलं अन् आम्ही खुर्चीसकट पुतणीच्या लग्नाला गेलो. परत आलो तं टाइल-बिइल लावून सगळं चकाचक, अन् खुर्ची दारातच अडकली. दार अरुंद, वरून वीतभर उंबरठा. का रे भो, म्हटलं, माप घ्यायला थांबला नाही? तो म्हणे, मावशी, सगळ्यांच्या न्हाणीला एवढंच दार असतं. म्हटलं, सगळ्यांच्या घरी हे आहेत का? दिनेश म्हणे, आई, राहू दे, उचलतो तसा उचलीन. अरे, तू उचलायला नको म्हणून तं बांधली! सुकलालला म्हटलं, फोड.

फोडताना भिंतीतला पाइप फुटला, ओल गेली शेजारच्या कोकिळाबेनच्या भिंतीला. ती दारात येऊन म्हणे, बेन, तमे घर बांधो छो के तळाव? घर बांधता का तळं, म्हणे. तिचं खरंच होतं, तिची भिंत आधी करून दिली. मग आमचं दार रुंद झालं, उंबरठा निघाला, अन् पहिल्याच अंघोळीचं पाणी सरळ खाटेखाली. उतार दाराकडंच होता हो, आधी पाहिलाच नव्हता कुणी.

दिनेश डोकं धरून बसला. सुकलाल म्हणे, उंबरठा परत बसवू, मिटलं. मिटलं काय? पुरी फरशी काढ, म्हटलं. तो म्हणे, मग तुम्हीच घ्या थापी हातात. आण इकडं, घेते! हसला बिचारा, पण काढली. ह्या खेपेला टाइलच्या आधी मी बादल्या ओतल्या, पाणी जाळीकडं गेलं तेव्हाच पुढचं काम. अन् ह्यांना खुर्चीवर आत नेऊन विचारलं, नळ कुठं पाहिजे, धरायला दांडा कुठं? इतके दिवस सगळे बोलत होतो, ह्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ह्यांनी डावा हात लांबवला अन् भिंतीवर बोट ठेवलं. तिथंच दांडा बसला.

आता सकाळी हे एकटे जातात. कडी लावू नका म्हटलं तरी आतून लावतात. मी बाहेर साडी मांडीवर घेऊन बसते अन् घडीघडी हाक मारते, अहो, झालं का? काल आतून ओरडले, जरा सुखानं अंघोळ करू देशील का नाही? इतका मोठा आवाज, भिंतीपलीकडं कोकिळाबेन हसली. सुकलालच्या लेकराबाळांचं भलं होवो. हाक मी उद्याही मारणारच.