दाजी, बंदूक आणि खिळा

आमच्या दाजींना, म्हणजे आक्काच्या नवऱ्याला, दुकानात सोबत नेलं की दुकानदाराची परीक्षाच असायची. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट असेल. मला नेमबाजीची हौस आली, म्हणून सेलूला छऱ्याची बंदूक घ्यायला निघालो, तर हे बोरीहून मुद्दाम आले.

दुकानदारानं एक जड आणि एक हलकी अशा दोन बंदुका पुढं ठेवल्या. दाजींनी हलकी उचलली.

"हवेची बंदूक म्हणता, मग हवा कुठून भरायची? पंप देता का सोबत?"

"पंप कशाला? आत स्प्रिंग हाय. मोडा तिला."

दाजी दचकले. "नवी कोरी हाय की वो! मोडू कशी?"

"अवो, नळी खाली दाबा. त्यालाच मोडणं म्हणतेत."

दाजींनी भीत भीत मोडली, मिटली, पुन्हा मोडली. "जोर किती हाय हिला?"

"लय न्हाई. दहा पावलांवरून डब्याच्या झाकणाला भोक पाडंल, बस."

"भोकच पाडायचं तर आमच्या घरी खिळा हाय की!"

दुकानदारानं दुसरी बंदूक माझ्यापुढं सरकवली. जड बंदूक काही माझ्यानं मोडेना, म्हणून मी हलकीच घेतली.

मुक्काम बोरीला आक्काकडंच होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दाजींनी बंदूक हातची सोडली नाही. दुपारी आक्का ओरडली, "अवो, चहाच्या डब्याचं झाकण हाय का चाळणी?"

मी म्हणालो, "दाजी, बंदूक द्या इकडं. खिळा आणून देतो."

दाजींनी नेम धरताना मिटलेला डोळा उघडलासुद्धा नाही.

"खिळा कधी चुकत न्हाई, पावणं. मग मजा काय त्यात?"