भट्टीतला चंद्र

आता मला सांगा, गेलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहायची तर वाहा की बाबांनो, फोटोपुढे चार फुलं ठेवा, दोन मिनिटं उभे राहा, घरी जा... मध्ये माझा दगड कशाला काढायचा? म्हणे चंद्रावर पहिलं पाऊल टाकणारा माणूस वारला, लायब्ररीत सभा आहे, पाहुणी तुमचीच नात, ती प्रयोगशाळेत दगडच तपासते ना, तर आपल्या काचेच्या पेटीतला चंद्राचा दगड बघून दोन शब्द बोलेल. तुम्हाला सांगतो, ऐकल्याबरोबर मी आजारी पडायचं ठरवलं. कारण तो दगड चंद्राचा आहे असं सांगणारा कोण? मी. आणि मी काय चंद्रावर जाऊन आलोय?

त्याचं असं झालं. तो माणूस तिकडं उतरला तेव्हा मी ओतकारखान्यात भट्टीवर होतो. शाळेशी माझं पाचवीतच फाटलेलं, पण थापांमध्ये मॅट्रिकच्या पुढचा. रेडिओवर बातमी ऐकून सगळी गल्ली रस्त्यावर येऊन वर बघत होती, जणू तो हात हलवून दाखवणार होता! आमच्या ग्रंथपाल बाई तेव्हा नव्या, आणि अशा कडक की पुस्तक एक दिवस उशिरा परत केलं तर त्यांच्या नजरेपेक्षा भट्टी गार वाटायची. म्हटलं, यांची फिरकी घ्यायची. भट्टी विझली की तळाशी काळा, भोकाभोकांचा खंगर चिकटून राहतो, आम्ही तो घणानं फोडून फेकायचो. त्यातलाच एक देखणा तुकडा डब्यात कापसावर ठेवला आणि नेला बाईंच्या टेबलावर. चंद्रावरून परत आलेल्यांना समुद्रातून उचललं ना, त्या बोटीवर माझा मावसभाऊ आचारी आहे म्हटलं, त्याच्या हातचं जेवून खूश झाले आणि हा दिला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. डोळ्यांत पाणी!

"भट्टीवाले," त्या म्हणाल्या, "याला काचेची पेटी हवी."

संध्याकाळी खरं सांगणार होतो हो, आईशप्पथ. पण तोवर सुतार माप घेऊन गेला होता.

बरं, ठेवला तर ठेवला. पण बाई म्हणाल्या, दगड तुमच्या घरचा, तेव्हा धूळही तुम्हीच पुसायची. दर रविवारी. चाळीस वर्षं! वर चार पोरं जमली की मला उभं करायच्या, सांगा त्यांना मावसभावाची हकीकत. मी सांगायचो. प्रत्येक वेळी मावसभावाला बढती मिळायची, शेवटी शेवटी तर बोटीचा कप्तान झाला तो. आणि जो खरंच जाऊन आला, तो म्हणे फारसा बोलायचाच नाही, कुठं मिरवला नाही. आणि मी? मी काय चंद्रावर जाऊन आलोय? पण तोंड बंद म्हणून नाही!

माझी नात त्याच पेटीला नाक लावून मोठी झाली. आधी चंद्राची पुस्तकं, मग मोठमोठी जाड पुस्तकं, मग प्रयोगशाळा. आता ती खरं बोलली तर बाई ऐंशीच्या घरातल्या, भर सभेत त्यांचा पोपट. खोटं बोलली तर पोरीच्या विद्येला काळं. जोडे दोन्हीकडून माझ्याच टाळक्यात.

सभा भरली. नातीनं पेटी उघडली, दगड उचलला, डोळ्याला भिंग लावलं, आणि मग भिंगातून नाही, नुसत्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी तिच्या दुधात मीठ घातलं होतं ना मी, तेव्हा बघितलं होतं तसं. मला राहवेना. उठलो. माझ्याआधी गुडघेच बोलले.

"थांब पोरी. बाई, तो खंगर आहे आमच्या भट्टीतला. आणि मला मावसभाऊसुद्धा नाही."

बाईंचा चेहरा इस्त्री केलेल्या कापडासारखा. म्हणाल्या, "जरा उलटा धर गं तो."

नातीनं उलटा केला... आणि खालच्या अंगाला, तुम्हाला सांगतो, अर्धा बोल्ट! आट्यांसकट, आमच्याच भट्टीच्या जाळीचा! डब्यात ठेवताना मी देखणी बाजूच बघितली, आणि नंतर चाळीस वर्षं वरवर फडकं मारलं, उचलून एकदा म्हणून बघितलं नाही!

"पहिल्याच दिवशी दिसला," बाई म्हणाल्या. "चंद्रावर बोल्ट पिळायला कोण गेलं होतं? हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. पण तुमच्या दगडानं चंद्राच्या पुस्तकांना रांग लागली. म्हणून बोल्ट खाली ठेवला."

"आणि ती धूळ, बाई?"

"ती शिक्षा."

वर नात काय म्हणते? "आजोबा, बाईंनी मला दहाव्या वर्षीच दाखवला होता. म्हणाल्या, आता खरा कसा असतो ते तू शोध." म्हणजे सगळ्यांना माहीत, आणि थापाड्या तेवढा अंधारात! पण काय हलकं वाटलं म्हणून सांगू... सुट्टीचा भोंगा चाळीस वर्षं उशिरा का होईना, वाजला. बाईंनी दगड परत ठेवला, बोल्ट वर करून, आणि नवी चिठ्ठी लावली: दगड इथलाच, थाप जुनी. मी मोकळा झालो म्हणून दाराकडे वळलो, तर बाईंनी हातात नवं फडकं दिलं. बोल्टच्या आट्यांत फार धूळ बसते म्हणे.

नात भाषणात सांगत होती, त्या माणसाचं पाऊल तिथं अजून तसंच आहे, कारण तिथं वारा नाही, पुसायला कुणी लागत नाही. त्याचं बरं आहे. मी काय चंद्रावर जाऊन आलोय? रविवारी जायचंय पुसायला.