परत सांगा बघू

आदरणीय अध्यक्ष महाशय, औषध विक्रेता संघाचे पदाधिकारी, व्यासपीठावरील मान्यवर आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

माझ्या यजमानांचा आज आपण मरणोत्तर सन्मान केलात. मानपत्र मी त्यांच्या वतीने घेतलं. मला बोलायची सवय नाही. आमच्या घरात ते खातं त्यांच्याकडे होतं.

त्यांचं खरं नाव इथे कितीजणांना आठवेल? गाव त्यांना 'परतसांगा' म्हणायचं. औषधाची बाटली हातात देण्याआधी ते विचारायचे, "कसं घ्यायचं? परत सांगा बघू."

"अहो, आत्ताच तर तुम्ही सांगितलंत!"

"मी सांगितलं हो. तुम्ही काय ऐकलंत, ते कळू दे."

लोक वैतागायचे, पण सांगायचे. मी बाजारातून आणायला सांगितलेलं सामानही हे असंच म्हणून दाखवायचे, आणि तरी साबण विसरून यायचे.

मग ती लहान मुलगी गेली. आमच्या दुकानातून नेलेल्या खोकल्याच्या औषधाने. बाटली कारखान्यातून सीलबंद आली होती. पण "औषधात दोष होता" याचं संध्याकाळपर्यंत "औषध बदललं" झालं, आणि सकाळी "यानेच काहीतरी मिसळलं". दुकानाच्या शटरवर दगड पडले. माझे दीर म्हणाले, "वहिनी, दादाला घेऊन माहेरी जा थोडे दिवस." हे म्हणाले, "तिला जाऊ दे. मी इथेच बसतो. कुणी विचारायला आलं तर?"

मीही गेले नाही. विचारायला कुणी आलं नाही. चौकशीत कारखान्याची चूक सिद्ध झाली, तेव्हा हे हयात नव्हते.

माझ्या डोक्यावर, या भिंतीवर, लॅटिन अक्षरं आहेत: व्हॉक्स पॉप्युली, व्हॉक्स देई. लोकांचा आवाज तोच देवाचा आवाज. निवडणुकीच्या फलकांवर, वर्तमानपत्रांत आपण ते अभिमानाने वाचतो. माझी मुलगी इतिहास शिकवते. ती म्हणाली, "आई, ज्या जुन्या पत्रात हे सापडतं, तिथे लिहिलंय की असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, गर्दीचा गोंधळ वेडाच्या फार जवळ असतो." म्हणजे मागचं-पुढचं गळलं आणि मधलं तेवढं भिंतीवर चढलं. त्या वाक्यालाही कुणी 'परतसांगा' भेटला नाही.

मी राग घेऊन आलेले नाही. त्या मुलीची आई आज सभागृहात आहे. ती येऊ शकली, तिथे माझ्या रागाची काय कथा? मला एवढंच वाटतं, तो देवाचा आवाज असता तर आज मानपत्र देऊन तो परत घ्यावा लागला नसता.

मानपत्रात सेवा आहे, सचोटी आहे. एक वाक्य मात्र कुठेच नाही. आपण बोलावलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. काही कमी-जास्त बोलले असेन तर पोटात घाला. ते वाक्य तेवढं सांगते आणि खाली बसते.

त्यांची चूक नव्हती.

परत सांगा बघू.