फादरांच्या कपाटातलं जाड पुस्तक

समोरच्यानं आपणहून पुढं केलेल्या कागदावर मी कधीच विश्वास ठेवला नाही, आणि न वाचता लिहिणाऱ्या पत्रकारांवर तर जाहीर तुटून पडायचो. नव्वदच्या दशकात संपादकांनी मला एका मोठ्या कॅथलिक धर्मचिंतकावर लेख लिहायला सांगितला. विश्रामबागेत ओळखीचे एक फादर होते, मूळचे फलटणकडचे. त्यांना विचारलं, "याला वाचायला सुरुवात कुठून करू?"

त्यांनी प्रवचनांचं एक पातळ पुस्तक हातात ठेवलं. "हितनं करा. लय सोपं हाय."

इतकं सोपं? माझा संशय जागा झाला. "आणि कपाटात मागं सरकवलेलं ते जाडजूड कसलं?"

"आवं, ते ऱ्हाऊ द्या. तुमाला न्हाई पचायचं."

"म्हणजे खरा माल त्यातच आहे! फादर, लपवाछपवी माझ्यापुढं चालत नाही." भांडून मी ते जाड पुस्तक नेलं.

लेख छापून आला. पुस्तक परत करायला गेलो तेव्हा फादरांनी विचारलं, "समदं वाचलं?"

"अक्षरन् अक्षर."

त्यांनी पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं. जुनी विलायती छपाई ती. कडा सुरीनं कापल्याशिवाय पानं सुटी होत नाहीत. सोळाव्या पानापुढची सगळी पानं जोडलेलीच होती.

मी उलट त्यांच्यावरच चढलो. "मग तुम्ही तरी कुठं वाचलंय?"

"न्हाईच वाचलं," फादर शांतपणे म्हणाले. "म्हणून तर मागं सरकवलं हुतं. पर मी त्येच्यावर लेख न्हाई लिवला."