एसीचं पाणी

नाही नाही, युवराजभाऊ, ते एसीचंच पाणी असणार — तुम्ही उगाच जॅक लावताय. मी सांगतो ना! जळगावचं वैशाखातलं ऊन, आत एसी फुल, मग बाहेर टिपटिप होणारच, सगळ्याच गाड्यांची होते, नाही का? तुम्ही फक्त खाली वाकून बोट लावा आणि म्हणा, भटूभाऊ, पाणी आहे, जा घरी. एवढंच ऐकायला आलोय. म्हणजे असेल काही तर कराच दुरुस्ती, गॅरेज तुमचं, तुम्हालाच कळतं — पण आधी पाणी आहे की ऑईल आहे ते सांगा. पाणी निघालं तर मला झोप तरी लागेल. नाही हो, गंमत नाही करत.

परवा आमच्याकडे लग्न होतं, तिकडे पाचोऱ्याजवळ. माझ्या मावसभावाच्या, किरणच्या मुलाचं. नवरदेवाची गाडी म्हणून हीच होती, फुलं-बिलं लावून. किरण म्हणत होता, भाड्याने मोठी गाडी आणू, वरून काच उघडणारी. पण त्याची आई अडून बसली — पार्वताबाई, माझी मावशी. माझी आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. ती म्हणे, "मन्हा भटूनी गाडी शे ना, मंग परक्यानी काब्र आनतस?" आता मी दाळमिलमध्ये साधा सुपरवायझर, पण खानदानातली पहिली फोरव्हीलर माझी, आणि तिचं कौतुक माझ्यापेक्षा मावशीलाच जास्त. गाडी घेतली तेव्हा टायरखाली लिंबू तिनेच ठेवलं होतं, आणि गाडी पुढे गेल्यावर चिरडलेलं लिंबू सगळ्या गल्लीला दाखवत बसली होती.

तर वरात मारुतीच्या पाराजवळ थांबली. नवरदेव पाया पडायला उतरला, बँडवाल्यांना चेव आला, पोरं नाचायला लागली ती थांबेचनात. मी गाडी चालूच ठेवली, एसी बंद केला की आत भट्टी होते ना! बराच वेळ एकाच जागी उभी. मग नवरदेव बसला, मी गाडी पुढे घेतली, आणि मागून ओरडा — आरशात बघतो तर मागच्या बाया खाली वाकलेल्या. मावशी घसरली होती. नवी चप्पल, खाली गुळगुळीत ब्लॉक, खुब्याचं हाडच मोडलं. तिला जीपमध्ये घालून जळगावला पाठवलं, आणि लग्न लागलं. लग्न काही थांबत नाही ना कोणासाठी.

हे काय लावताय? पावडर? तोंडाला लावायची ती? अच्छा — म्हणजे इंजिन धुऊन-पुसून कोरडं केलं, वर पावडर मारली, आता गाडी चालू ठेवायची, जिथली पावडर भिजेल तिथे गळती. बरंय. बघा. भिजणार नाही, बघालच तुम्ही.

तिथे खाली तेल होतं, ते मी नाही म्हणत नाही. पण ते वनाच्या डब्यातलं. वना म्हणजे आचाऱ्याच्या हाताखालचा माणूस, बट्ट्या तळायचं तेल घेऊन तो त्याच वेळी पाराजवळून मांडवात चालला होता, खांद्यावर डबा. सगळे तेच म्हणाले. किरणने त्याची कॉलर धरली, सगळ्यांसमोर दोन ठेवून दिल्या आणि मांडवातून हाकलला. जेवलाही नाही तो. पहाटेपासून चुलीपाशी उभा होता बिचारा — आता डबा गळका असेल तर त्याला मी काय करू? हं? तेलाचा रंग? रंग कोण बघतो हो अशा वेळी! धूळ, फुलं, फटाक्यांचे कागद, त्यावर वरातीचे पाय. काळं काय आणि पिवळं काय.

अहो, डिक्की कशाला उघडताय? पाना हवा तर मी देतो ना — तो पुठ्ठा होय? तो केळीच्या खोक्याचा आहे. रावेरहून केळी आणली होती, पुठ्ठा राहून गेला. काळे डाग म्हणजे... केळीचा चीक काळा पडतो, तुम्हाला माहीत नाही का? पडतो की नाही? हसू नका, युवराजभाऊ. बरं, इतका गोल गोल नाही पडत. घरी पोर्चमध्ये गाडीखाली टाकायचो. महिनाभर झाला असेल. फरशीवर डाग पडतात म्हणून बायको ओरडायची — पण दोन-चार थेंब हो, त्याला काय गळती म्हणायचं? लग्नाच्या दिवशी तर सकाळी गाडीखाली शिरून फडकं मारलं मी, सगळं लख्ख पुसून काढलं, चारचौघांत न्यायची होती ना. कळतं मला, तेव्हाच तुमच्याकडे आणायला हवी होती. पण तुम्ही म्हटला असता, ठेवून जा, बघू दोन दिवसांत — आणि किरणने लगेच ती मोठी गाडी बोलावली असती. मावशीने गावभर सांगून ठेवलेलं, ती तोंडावर पडली असती. तोंडावर... काय बोलतोय मी!

काल गेलो होतो दवाखान्यात. प्लेट टाकलीय तिला. मला बघून पहिलं काय विचारावं? "तुन्ही गाडीले काही व्हयनं नही ना रे?" म्हटलं, नाही मावशी. मग डोळे मिटून म्हणते, "वनाले माराले नको व्हतं. गरीब शे तो." मी नारळपाणी धरून उभा. घोटभर प्यायली ती, आणि मी निघालोच, बसवेना तिथे.

काय झालं? भिजलं? कुठे? अहो, ते तर वर आहे, गळतंय तर खाली — टॅपेट कव्हर? हे इंजिनावरचं झाकण? वरून निघतं, मागच्या बाजूने उतरतं आणि खाली ऑईलच्या चेंबरवरून टिपकतं. हो, दिसतोय ओघळ. दाखवा बोट. काळंय. वास पण — नाही, पाण्याला असा वास नसतो. मग आता इंजिन खोलावं लागेल ना सगळं? नाही? पॅकिंग? हे एवढं? एवढंसं रबर? आणि तासाभराचं काम! तासाभराचं काम होतं, युवराजभाऊ, आणि मी महिनाभर पुठ्ठा सरकवत बसलो.

आणि सगळे म्हणाले, असं म्हटलं ना मी मघाशी — ते मागाहून म्हणाले सगळे. पहिला मी म्हणालो. गाडीतून उतरून धावलो, मावशी पडलेली, खाली बघितलं — बघितलं मी, काळंच होतं — आणि समोर वना. डबा बाजूला ठेवून तिला उचलायला वाकलेला. सगळ्यांत आधी तोच धावला होता हो! आणि माझ्या तोंडून निघालं, काय रे, डबा नीट नेता येत नाही का? बस, एवढंच बोललो. पुढचं किरणने केलं. वनाने डब्याच्या बुडाला हात लावला, कोरडा हात बघितला, आणि मग गाडीकडे बघितलं. माझ्याकडे नाही, गाडीकडे. त्यानंतर मी पंगतीत बसलो आणि त्यानेच तळलेल्या बट्ट्या चुरून, वरण ओतून खाल्ल्या, वर वाढप्याला म्हटलं, वांग्याची भाजी आण अजून. लाज वाटते मला. मावशीला वाटतं मी तिचं नाव काढलं.

किरणला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा मावशीची तब्येत विचारली आणि ठेवून दिला. समोर गेलो तरी तेच होणार, मी ओळखतो मला.

नाही, पॅकिंग नका बदलू. आज नका. तुम्ही वरून फक्त लिटरभर ऑईल टाका, पाचोऱ्यापर्यंत जाईल एवढं. आधी वनाला घरून घेतो, गाडीत पुढे बसवतो, आणि किरणच्या अंगणात नेऊन उभी करतो — नव्या फरशीवर, मांडव होता तिथेच. बंद नाही करणार, चालूच ठेवीन, एसी बंद. सगळे जमतील, विचारतील, भटू, काय झालं? मी काहीच नाही बोलणार, नुसता बाजूला होईन. त्यांनीच बघावं खाली. परत आलो की बदला पॅकिंग.

लावा बोनेट. पुठ्ठा? तो नका टाकू आत. राहू द्या इथेच.