हुकमाच्या कागदाएवढी फट

लोहाराला इंजनातलं काय कळतं म्हणता, तर ऐका. निजामाच्या राज्यातली गोष्ट हाय. आष्टीच्या तहसीलदारसाहेबांची फटफटी थंड असली की पळायची अन् तापली की चढाला मरायची. शेवटी माझ्या भट्टीवर ढकलत आणली.

मी उघडून बघितलं. इंजनातली झडप अन् तिला उचलणारी दांडी एकमेकीला चिकटलेल्या.

"मधली फट कुणी बुजवली, सरकार?"

"मीच बुजवायला लावली. लई टकटक करायची."

"बैलगाडीच्या चाकाला आमी लोखंडी धाव तापवून चढवतो, कावून तर तापलं की लोखंड वाढतं. हितं बी तसंच. दांडी वाढती, झडप मिटत न्हाई, मग इंजन दम सोडतं. फट ठेवली तर टकटक होणारच."

साहेबांनी तिथंच कागद काढला, हुकूम लिहिला, सही ठोकली अन् वाचून दाखवला. "आवाज आला तर तुझा भाता जप्त."

"हुकूम माझ्यावर चालंल, सरकार. लोखंडावर कसा चालंल?"

मी कागद घेतला, कपाळाला लावला अन् त्याच्या कडेची एक पट्टी फाडली. ती झडप अन् दांडीच्या मधी धरून दांडी आवळली, मग पट्टी ओढून काढली.

"हे काय केलंस बे?"

"तुमच्या हुकमाएवढीच फट ठेवली."

फटफटी एका दमात चढ चढून गेली. तिची टकटक मला लांबपर्यंत ऐकू येत होती. मी भाता मारत राहिलो.